शिवम्माला पणजी पटवताना

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥
पणजी, ता. ६ एप्रिल १९८६

चि. मलप्पा यास शरणप्पाचे अ. उ. आ. वि. वि. मी सोलापूरवरून इथे सुखरूप पोचलो. घाटात दोनदा मेलो, पण पोचलो. गिऱ्हाईक नसताना हे पत्र तुझ्या अक्काला, शिवम्माला, वाचून दाखव. मोठ्याने वाच, पण गल्लीला ऐकू जाईल इतकं नको.

तुझा भाचा श्रीमंत इथल्या बँकेतून वेळेवर घरी येतो. सूनबाई दानम्माला सातवा सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरी देगलूरला व्हायचं होतं, पण डॉक्टरीणबाईंनी मोटारीचा प्रवास साफ नको म्हटलं, आणि विहीणबाई गुरम्मांच्या गुडघ्यांनी उंबरा ओलांडायचं सोडलंय. तेव्हा शिवम्माशिवाय गत नाही. ती मला म्हणाली होती की आधी तुम्ही जा, आपल्यासारख्यांनी राहावं असं गाव आहे का ते बघून कळवा. म्हणून कळवतो.

गाव देखणं आहे, पण ओलं आहे. कपाळाला ओढलेली विभूती पूजेवरून उठेपर्यंत घामाने नाकावर येते. पापड वातड होतात, काडी पेटत नाही. सकाळी पाववाला सायकलीचा भोंगा वाजवतो, मला वाटतं टँकर आला, मी घागर घेऊन जिन्यातून धावतो. मासळीवाली टोपली दारात टेकवते. परवा तिने एक मासा आग्रहाने उचलून दाखवला, मी गळ्यातलं लिंग मुठीत धरून आत पळालो. दुपारी जेवण झालं की दुकानदार दारं ओढून झोपतात. आपल्याकडे असं दुकान फक्त तुझं.

टेकडीवर पांढरंशुभ्र चर्च आहे. ते बघायला देशोदेशीचे लोक येतात, वयस्कर माणसंसुद्धा अर्ध्या चड्डीत. त्यातल्या एका गोऱ्याने माझ्या फेट्याचा फोटो काढून नेला. त्याने आपलं काही बरंवाईट होत नसतं ना, कुणाला तरी विचारून कळव.

समुद्रही पाहिला. एवढं पाणी, आणि पिण्याजोगं घोटभर नाही. मला रागच आला.

घरच्या माठावर झाकण असू दे, आमच्यावर लोभ.
शरणप्पा


शिरूर अनंतपाळ, जि. लातूर
ता. १५ एप्रिल

ती. दाजींस मलप्पाचे शरणार्थी नमस्कार. वि. वि. पाकिटावर तुम्ही अजून जिल्हा उस्मानाबादच लिहिता. नवा जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू आहे. तुमचं पत्र जुन्या जिल्ह्याचा पाहुणचार घेऊन आलं. नव्या जिल्ह्याचं म्हणाल तर साहेब आले, जीपगाड्या आल्या. पाणी काही कुठल्या जिल्ह्याने ठेवून घेतलं नाही, ते दोन्हीकडे नाही. टँकर येतो तेव्हा बाया आधी भांडून घेतात, मग पाणी घेतात.

पत्र वाचून दाखवलं. मासळीला अक्काने नाकाला पदर लावला. समुद्राचं ऐकून म्हणाली की ह्यांना माझ्या माहेरीबी काही आवडलं नव्हतं. शेवटी एवढंच विचारलं की दानम्मा काय म्हणाली? मी कागद उलटून पाहिला, मागे कोरा होता. येणार का म्हणालो तर म्हणाली, बघू की. दाजी, तिचं ‘बघू की’ तुम्ही जन्मभर ऐकलंय. तुम्ही तिला बोलवायला गेलात की भ्या घालायला? जरा गोड लिहा.

फोटोने तुम्हाला काही होत नाही. झालंच तर त्या गोऱ्याला होईल.

तिकडचा वारा खा, इकडची माया विसरू नका.
मलप्पा


पणजी, ता. २४ एप्रिल

चि. मलप्पा यास अ. उ. आ. वि. वि. मागचं पत्र मी प्रवासाच्या शिणात लिहिलं होतं. ते विसर. पणजीसारखं गाव पृथ्वीवर नाही. नळाचं पाणी गोड. मासळीवाली आता मला बघितलं की आपणहून टोपली झाकते, इतकी ती सोज्वळ आहे. संध्याकाळी नदीकाठच्या बाकावर बसतो. मोठ्या होडीतून पैलतीरी जाऊन आलो, होडीत एक बाई पेटीवर गाणं म्हणत होती, फारच गोड गळा. जुन्या गोव्यातली चर्चं पाहिली. छत एवढं उंच की बघताना माझा फेटा मागे पडला. घरमालकीण फिलोमिनाबाई खालीच राहतात. त्यांनी परसातला फणस दिला. माझा खोकला बंद आहे, भूक दुप्पट आहे.

दानम्मा बरी आहे. खातेपिते.

शिवम्माला सांग, असं गाव न बघता राहणं बरं नाही. माया वाढती ठेव.
शरणप्पा


शिरूर अनंतपाळ, ता. २ मे

ती. दाजींस शरणार्थी. वि. वि. तुम्ही गोड लिहिलंत ते फार झालं. अक्का म्हणाली, हे पत्र ह्यांचं नव्हंच. नाहीतर तिकडं ह्यांना कुणीतरी काहीतरी पाजलं. पेटीवरच्या बाईचं वाक्य तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मी गडबडीने पुढे गेलो तर बोट ठेवून मागे आणलं.

आणि परत तेच, दानम्मा काय म्हणाली? मी ‘खातेपिते’ एवढं वाचलं. त्यावर म्हणाली की म्हशीबद्दलबी माणूस याच्यापेक्षा जास्त लिहितो.

नाही म्हणत नाही आणि गाठोडंही बांधत नाही. तिकडे दिवस भरत चालले, दाजी. मला काळजी लागली आहे.

राग नसावा, असलाच तर पुढच्या पत्रात लिहावा.
मलप्पा


पणजी, ता. १० मे

चि. मलप्पा यास अ. उ. आ. बसवेश्वराची शपथ, मी फणसाशिवाय काही घेतलेलं नाही. पण इथे जे झालं ते ऐकून तुम्हाला शंका येईलच.

परवा नळ गेला. श्रीमंत आणि दानम्मा दवाखान्यात होते. मी आपल्या घरच्या रीतीने नळ उघडा सोडून खाली थाळी ठेवली, म्हणजे पाणी आलं की वाजेल आणि कळेल. थेंब वाया जाऊ नये म्हणून मोरीच्या भोकात चिंधी कोंबली. मग जरा नदीकडे गेलो. थाळी वाजली असणार, ऐकायला मी नव्हतो.

परत आलो तर जिन्यावरून ओढा वाहतोय आणि फिलोमिनाबाईंच्या चपला अंगणात पोचलेल्या. त्या केरसुणी घेऊन पाणी गटाराकडे लोटत होत्या. मलप्पा, मला भीती वाटायला हवी होती, पण ते पाणी गटारात जाताना बघवेना. मी दारात आडवा उभा राहिलो आणि थाळीने घागरीत भरू लागलो. बाई कोंकणीत बरंच बोलल्या. त्यातलं म्हातारा आणि वेडा एवढं समजलं. तेवढ्यात दानम्मा आली. तिने त्यांना आपल्या गावच्या पाण्याचं सांगितलं. बाईंनी केरसुणी भिंतीला लावली, आतून दोन बादल्या आणल्या आणि माझ्याशेजारी फतकल मारून बसल्या. सगळं पाणी माडांना घातलं.

एक वाईट झालं. दानम्माचा पाय ओल्या फरशीवर सरकला. तिने कठडा धरला, पडली नाही. पण पायरीवर बसून रडू लागली. कुठे दुखतं म्हणालो तर कुठेच नाही म्हणाली. माझ्यावर चिडली असेल. आता पेन मागते आहे. चुगली लिहिणार असेल तर लिहू दे, मी कुठल्या तोंडाने अडवू.
शरणप्पा

सासूबाई अव्वांना शिरसाष्टांग नमस्कार. आईचा निरोप आला, तिच्यानं येववत नाही, बाळंतपण अव्वांनीच करावं असं म्हणते. मलाबी तुम्हीच पाहिजे. मला भ्या वाटतं. या.
दानम्मा


शिरूर अनंतपाळ, ता. १८ मे

श्रीमंतच्या अप्पांना शिवम्माचं सांगणं, लिहिणार मलप्पा.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी देगलूरला जाऊन विहीणबाईंना भेटले. त्यांनी मऊ लुगडी फाडून दुपटी शिवून ठेवली होती, ती दिली. गळ्यात पडून रडल्या. मग येऊन गाठोडं बांधलं.

तुम्ही मासळी लिहिली, पापड लिहिला, होडीतली बाई लिहिली. मला काय समुद्राचं बाळंतपण करायचं होतं? पहिल्या बाळंतपणाचा मान माहेरचा. विहिणीचा शब्द नाही, पोरीचं बोलावणं नाही, आणि मी आपली गाठोडं घेऊन दारात उभी राहू? महिनाभर एका घरात राहून, पोरी तुला कोण पाहिजे, एवढं तुमच्या तोंडून निघालं नाही.

दानम्माला सांगा, अव्वा निघाली. जीव लावून आहे म्हणून बोलते.

ता. क. दाजी, उद्याच मी अक्काला घेऊन निघतोय. टपालाच्या आधी आम्हीच पोचू आणि यातला शब्दन् शब्द तुम्ही तोंडी ऐकलेला असेल. मग पत्र कशाला, असं मी म्हणालो. तर म्हणाली, टाक पेटीत, ह्यांना एकदा सांगून कळत नाही.