फॅक्सचा रकाना

३ नोव्हेंबर, सोमवार
थंडर बे या गावी येऊन पोहोचलो एकदाचा! खोली दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीतून तलाव दिसतो आणि घरमालकीण तोंडाने फटकळ असली तरी हीटर चांगला ठेवते. टोरोंटोतली धावपळ सुटली.

कंपनी घरपोच ऑक्सिजन देते. ज्यांची फुफ्फुसं थकली आहेत, त्यांच्या दारी सिलिंडर पोहोचवायचे. कारभार सगळा १९८९ च्या प्रणालीवर चालतो. काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं. नवी प्रणाली बनवायच्या आधी जुनीत नेमकं काय काय चालतं ते पाहून लिहून काढायचं, हे माझं काम. अकरा वर्षं तेच करतोय. माझा एकच नियम आहे: माणसाला विचारू नका, त्याच्या शेजारी दिवसभर बसा. विचारलं की माणूस काय करायला हवं ते सांगतो, बसलं की काय करतो ते दिसतं. म्हणून माझ्या तक्त्याच्या तळाशी ‘स्वतः पाहिले’ असं छापलेलं असतं, त्यापुढे तास आणि सही.

नोंदणी सांभाळणाऱ्या इर्याबाईंनी पहिल्याच दिवशी वेलदोड्याचा गोड पाव खिलवला. एकतीस वर्षं त्याच खुर्चीत बसल्यात. मला म्हणाल्या, शहरातली पोरं येतात, पेन्सिल हलवतात आणि जातात, तू तरी जेवून जा. बाई मला आवडल्या.

५ नोव्हेंबर, बुधवार
ग्राहकाच्या पानावर एक गंमत सापडली. फॅक्स नंबरचा रकाना आहे. सातशे ग्राहकांपैकी एक्केचाळीस जणांच्या त्या रकान्यात एकच आकडा. कुठे ४, कुठे ७. एका आकड्याचा फॅक्स नंबर असतो का कुठे!

इर्याबाईंना विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, हे सांगून कळायचं नाही पोरा, पुढच्या आठवड्यात गुरुवारी मी चालकांसाठी लांबच्या रस्त्यांची यादी लावते, त्या दिवशी ये, बस, आणि डोळे उघडे ठेव. माझाच नियम मला ऐकवला म्हाताऱ्या बाईने.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
गेलो नाही.

सकाळी गाडीला बर्फावर चालणारे टायर बसवायला गेलो, तिथे दोन तास मोडले. मग शेजारच्या खाणावळीत पॅनकेक खाल्ले. मग बाहेरचा वारा बघून कंटाळाच आला. दुपारी घरूनच इर्याबाईंना फोन केला, पाच मिनिटं. त्या म्हणाल्या, फॅक्सच्या रकान्याला हात लावू नकोस, आधी ये. हो हो म्हटलं.

आजच्या जगात फॅक्स करतो कोण? तक्त्यात लिहिलं: ‘फॅक्स – वापरात नाही. वगळावा.’ खाली ‘स्वतः पाहिले, साडेसात तास.’ सही ठोकली. एवढ्याने काय आकाश कोसळतंय.

१९ जानेवारी, सोमवार
नवी प्रणाली सुरू झाली. सिलिंडर दारात ठेवला की चालक फोनवर बोट लावतो आणि पडद्यावर ‘पोहोचले’ असं हिरवं उमटतं. आमच्या साहेबीण मार्सीने सगळ्यांदेखत पाठ थोपटली.

एक लिहायचं राहिलं होतं. नाताळाआधी इर्याबाई निवृत्त झाल्या, त्या दिवशी केक कापताना त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, माझे आकडे नव्यात आले ना रे? मी म्हटलं, सगळे आले. त्यांनी माझा गाल थोपटला. केकची बशी तशीच ठेवून मी निघालो.

२९ जानेवारी, गुरुवार
लेम्पी वर्टा. वय एक्क्याऐंशी. तलावापलीकडच्या रस्त्यावर एकटी राहायची.

चालक नवा होता. भरलेले दोन सिलिंडर ओसरीवर ठेवले, ‘पोहोचले’ केलं, निघून गेला. उणे एकतीस तापमान. चार दिवसांनी शेजाऱ्याला ती सापडली. आतून दारापर्यंत सरपटत आली होती. सिलिंडर दाराच्या पलीकडे, हातभर अंतरावर.

संध्याकाळी इर्याबाईंचा फोन आला. ४ म्हणजे दार उघडायला उठू शकत नाही. पक्ष्यांच्या दाण्याच्या डब्याखालची किल्ली घ्यायची, आत जायचं, सिलिंडर स्वतः जोडायचा आणि श्वास लागला की मगच निघायचं. एकतीस वर्षांत त्यांनी चालक असेच घडवले होते. यादी लावताना एकेकाला समोर बसवून सांगायच्या. आता यादी यंत्रच लावतं.

रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, चाळीस जण अजून आहेत पोरा, रकाना परत घाल. ७ चं सांगायला लागल्या आणि मध्येच विचारलं, तक्त्यात लिहिलंय म्हणे, तू माझ्याजवळ बसलास तो कुठला गुरुवार रे? मी फोन ठेवला.

२ फेब्रुवारी, सोमवार
चौकशीची बैठक. मार्सीने माझा तक्ता पडद्यावर लावला. साडेसात तास, सही. ती म्हणाली, नेव्हिल बिचारा दिवसभर बसला होता, बाईंनीच सांगितलं नसणार, वय झालं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. जुनं यंत्र, ज्यात ते आकडे उरलेत, १२ तारखेला दुपारी बाराला पुसायचं ठरलं.

रकाना परत मागायचा तर का ते सांगावं लागतं. का ते सांगितलं तर सही खोटी ठरते.

मी पाणी प्यायलो. शेण खाल्लं मी.

५ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या पडद्यावर एक मागणी आली. वर्टा, लेम्पी. दोन सिलिंडर. ‘पोहोचले नाही.’

चुकून राहिली असेल म्हणून पुसली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
अकरा दहा. पुन्हा तीच. पण आज तिच्या पानावर फॅक्सचा रकाना आहे. नव्या प्रणालीत तो नाहीच. मीच काढला. आत ४.

शेजारच्या टेबलावरच्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, कुठंय, पान तर रिकामं आहे, तू घरी जा, रंग उडालाय तुझा.

९ फेब्रुवारी, सोमवार
चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. असं स्वतःला बजावलं. इर्याबाईंचे तीन फोन आले, एकही घेतला नाही. काय तोंड दाखवू?

जिना चढताना धाप लागली. दुसराच तर मजला. खोलीत येऊन दार लावलं, तर दाराबाहेर सुस्कारल्यासारखा आवाज – बारीक, न थांबणारा. दार उघडलं. उंबऱ्याबाहेर लादीवर दोन गोल ओले डाग. सिलिंडरच्या बुडाएवढे.

१० फेब्रुवारी
मार्सीच्या दाराशी गेलो. हात वर केला. ठोठावला नाही. परत फिरलो. लाज वाटते म्हणून लाज वाटेल असंच करतो मी.

पायऱ्यांवर दोनदा बसावं लागलं.

११ फेब्रुवारी
कामावर गेलो नाही. उठवतच नाही. श्वास छातीत वरवरच –

अकरा दहा. घरच्या पडद्यावर. प्रेंटिस, नेव्हिल. माझा पत्ता. दुसरा मजला. फॅक्स: ४.

मार्सीला पत्र लिहायला बसलो तर पडद्यावरून ते पान हलत नाही. फोन स्वयंपाकघरात आहे. आठ पावलं. चार झाली, पडलो.

१२ फेब्रुवारी
जमिनीवरून लिहितोय. वही हाताशी होती. बारा वाजता यंत्र पुसतील. जो वाचेल त्याने –

मी इर्याबाईंजवळ बसलो नाही. एक मिनिटही नाही. त्यांनी सांगितलं होतं. सही खोटी आहे. त्यांचा दोष नाही. यंत्र पुसू नका – रकाना परत – चाळीस माणसं –

४ म्हणजे दार उघडू शकत नाही. किल्ली घेऊन आत या.

७ म्हणजे –

विचारलंच नाही. त्या फोनवर सांगत होत्या, मी तिथेच फोन ठेवला –

अकरा दहा. जिन्यावर पावलं. कुणीतरी जड काही उंबऱ्याबाहेर ठेवलं. एक. दोन. हातभर अंतर. आवाज फुटत नाही –

पडद्यावर हिरवं. ‘पोहोचले.’

पावलं उतरतायत – अहो – आत आहे मी – किल्ली दाराच्या