डाव्या हाताचे टेनिस

मी, श्रीमती पद्मावती जयपाल मगदूम, वय त्रेसष्ट, राहणार विश्रामबाग, सांगली, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य सगळ्याच मृत्युपत्रांत असते असे वकीलसाहेब म्हणाले. असेल. मी मात्र ते रीत म्हणून लिहीत नाही. माझ्या यजमानांची बुद्धी शाबूत नाही असे याच शहरात एका दाखल्यावर लिहिले गेले आणि त्या दाखल्यापायी त्यांचा कारखाना गेला. म्हणून ज्या डॉक्टरांनी तो दिला, त्यांच्याकडूनच मी माझाही दाखला आणून सोबत जोडला आहे. त्यांनी विचारले, "आज वार कोणता?" मी सांगितला. त्यांनी फी घेतली, सही केली. मला बोलता येते, एवढाच माझा आणि यजमानांचा फरक.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे. अंमलबजावणी शेजारी श्री. बाळासो चौगुले यांनी करावी.

कलम १. विश्रामबागेतील राहते घर माझ्या माहेरच्या पैशातून घेतलेले असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझी मुलगी सौ. ब्राह्मी, राहणार सातारा, हिला मिळावे. कारखाना विकताना भाऊ आर्जव याने पुढे केलेल्या संमतीच्या कागदावर तिनेही सही केली होती. मी विचारले तेव्हा म्हणाली, "दादा म्हणाला, अण्णांना आता काही कळत नाही. मी साताऱ्यात बसून काय बघणार, आई?" साताऱ्याहून सांगलीला एस.टी. येते, हे तिला मी वेगळे सांगायला नको होते. पुढे एकदा ती आली, वडिलांच्या पायाशी बसून रडली आणि त्यांनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला. त्यांनी माफ केले, म्हणून घर तिला. मी अजून केलेले नाही.

कलम २. माझा मुलगा आर्जव याला माझ्या मिळकतीतील काहीही देऊ नये. कारण लिहून ठेवते, म्हणजे उद्या कोर्टात कोणी म्हणायला नको की म्हातारी मुलाचे नाव घालायला विसरली.

कुपवाडला यजमानांचा पंपाचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना होता. एका जुन्या लेथ मशीनवर, स्वतः उभे राहून त्यांनी तो सुरू केला. आर्जव लहान असताना ते कामासाठी मुंबईला गेले आणि येताना टीव्हीला जोडायचा खेळ घेऊन आले. तपकिरी डबा, वायरीने जोडलेली हातात धरायची दोन चाके. पडद्यावर काळ्या जागेत दोन पांढऱ्या रेघा, म्हणजे दोन खेळाडू, आणि एक पांढरा ठिपका, म्हणजे चेंडू. चाक फिरवले की रेघ वर-खाली सरकायची. याला टेनिस म्हणायचे. दर रविवारी बापलेक बसत. आर्जव हरला की जेवत नसे, म्हणून हे मुद्दाम चेंडू सोडत आणि त्याला कळू न देता माझ्याकडे बघून हसत. पुढे मुलगा मोठा झाला, खेळ माळ्यावर गेला. आर्जव इंजिनिअर झाल्यावर यांनी त्याला कारखान्यात भागीदार करून घेतले. भागीदारीच्या कागदात एक कलम होते. एका भागीदाराची बुद्धी ढळली, तर सगळे अधिकार दुसऱ्याकडे जातील. वकिलाने घातले, यांनी हसून सही केली.

सन १९९४ च्या उन्हाळ्यात यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आर्जव तेव्हा मिरज रस्त्याला वेगळा राहत होता. आधी रोज येई, मग रविवारी, मग फोन करी.

आमच्या मागच्या खोलीत आम्रपाली होवाळ नावाची कुंडलची मुलगी भाड्याने राहून कॉलेज करीत होती. माझ्यासाठी माळ्यावरून गाद्या काढताना तिला तो डबा दिसला. तिने जुना टीव्ही खाली आणला, खटपट करून खेळ जोडला आणि एक चाक यांच्या डाव्या हातात दिले. हे आधी नुसते बघत राहिले. मग बोटे हलली. जन्मभर लेथची चाके फिरवलेला माणूस तो. थोड्याच दिवसांत तिला हरवू लागले. एका दुपारी ती स्वयंपाकघरात आली.

"आवं काकी, काकांस्नी समदं कळतंय. मी वर सरकले की खालनं घालत्यात. आनि मला मुद्दाम जिकू दिलं की गालात हसत्यात बी."

मग तिनेच युक्ती काढली. होय म्हणायचे असेल तर रेघ वर न्यायची, नाही म्हणायचे असेल तर खाली. तिने विचारले, "काका, च्या घेणार?" रेघ वर गेली. मी पदर तोंडाला लावून भिंतीशी टेकले. इतके दिवस मी त्यांना न विचारताच चहा पाजत होते. त्या दिवसापासून आमचे बोलणे पुन्हा सुरू झाले.

आर्जवच्या मनात कारखाना विकायचे आहे असे कानावर आले, तेव्हा मी यांना विचारले, "विकायचा का?" रेघ तळाला गेली आणि तिथेच राहिली. मी आर्जवला बोलावून हे सांगितले. तो म्हणाला, "आई, गेम खेळता येणं वेगळं आणि व्यवहार कळणं वेगळं. ती खोलीवाली पोरगी तुझ्या डोक्यात काहीबाही भरवते. कुठली, कोणाची, माहीत आहे ना तुला?" मला माहीत होते. ज्या घरातली ती होती, त्या घराने तिला आजाऱ्याशी कसे बोलावे ते शिकवले होते.

पुढच्या खेपेला तो डॉक्टरांना घेऊनच आला. त्यांनी यांना वार विचारला, पंतप्रधान विचारले. यांचे ओठ थरथरले, लाळ आली. मी म्हटले, "थांबा, टीव्ही लावते. त्यावर उत्तर देतील." आर्जव म्हणाला, "डॉक्टरांना वेळ नाही." दाखला तयार झाला, भागीदारीच्या त्या कलमावर बोट ठेवले गेले आणि कारखाना विकला गेला.

कामगार घरी येऊन यांच्या पाया पडून रडून गेले, तेव्हा यांना ते कळले.

त्या दिवाळीत आर्जव मिठाईचा पुडा घेऊन आला. यांनी हनुवटीने दुसरे चाक दाखवले. "अण्णा, आता हे काय," म्हणत तो बसला. यांनी एकही चेंडू सोडला नाही. आर्जव वर असला की चेंडू खाली, खाली धावला की वर. पडद्यावर त्याच्या बाजूचे गुणांचे शून्य हलले नाही. त्याचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्याने विचारले, "अण्णा, तुम्हाला कळतं?" रेघ वर गेली. "कारखान्याचंही?" रेघ वरच.

आर्जव माझ्याकडे वळला. "आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुला वेळ नव्हता."

तो उठला, बूट घालू लागला. "आता व्यवहार झालाय, आई. मागे फिरता येत नाही." यांनी चाक फिरवले. रेघ खाली गेली. त्याने पाहिली आणि तो गेला.

त्यानंतर यांनी चाक हातात घेतले नाही. आम्रपाली आणून द्यायची, हे डोळे मिटून घ्यायचे. अर्धांगाने माझ्याशी बोलणे एकदा तोडले होते. दुसऱ्यांदा मुलाने तोडले. सन १९९६ च्या श्रावणात हे गेले.

कलम ३. यजमानांची मापाची हत्यारे त्यांचा जुना कामगार जोतीराम याला द्यावीत. तो आता दुसऱ्याकडे कामाला आहे. तिथे त्याला स्वतःची हत्यारे लागतात.

कलम ४. तो खेळ, जुना टीव्ही आणि माझ्या सोन्याच्या पाटल्या कु. आम्रपाली हिला द्याव्यात. ती आता साताऱ्यात नोकरीला आहे. तिने माझ्याकडे कधी काही मागितलेले नाही. "नको" म्हणेल. ब्राह्मीने स्वतः तिच्या घरी जावे, तिथे चहा घ्यावा आणि पाटल्या तिच्या हातात घालूनच यावे.

कलम ५. बँकेतील ठेव ब्राह्मीने घ्यावी व त्यातून माझ्या औषधपाण्याचे राहिलेले देणे भागवावे. उरेल ते तिचे.

कलम ६. यजमानांच्या शोकसभेत आर्जव बोलला. "अण्णा दोन वर्षं या जगात नव्हतेच, त्यांना कसलंही भान नव्हतं," असे म्हणाला. लोकांनी डोळे पुसले. मी समोर बसले होते. तो माझ्याकडे न बघता बोलत होता.

माझ्या देहाला अग्नी आर्जवनेच द्यावा. मिळकत तोडली तरी पोटचा मुलगा आहे, आणि तो असताना दुसऱ्या कोणी पुढे यावे असे मला वाटत नाही. मात्र माझ्या शोकसभेत त्याने माझ्याविषयी किंवा वडिलांविषयी एक शब्दही बोलू नये. त्याचे नाव पुकारले, तर उठून हात जोडावेत आणि खाली बसावे. वडील दोन वर्षे गप्प होते. त्याला एक सकाळ जमेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि खालील दोघांच्या समोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही
पद्मावती जयपाल मगदूम

साक्षीदार
१. लालासाहेब गणपती माने, निवृत्त शिक्षक, विश्रामबाग
२. सुलाबाई आदगोंडा खोत, घरकाम, विश्रामबाग

स्थळ : सांगली
दिनांक : ११ फेब्रुवारी १९९८