उजवीकडचं दार

लिपा,
रविवार, ९ मार्च १९९७

प्रिय कुया दामियान,

तुम्ही आणि घरची सगळी बरी असाल. तिथला बर्फ आता तरी कमी झाला असेल.

आज मेडिंग गेल्याचा चाळिसावा दिवस. सकाळी रेडिएटरचा होजपाइप बदलला. बॅटरीच्या टोकांवरचा पांढरा थर गरम पाण्याने धुतला. मग चर्च, तिथून कबरस्तान. चारिंगने बहिणीसाठी प्रार्थना सांगितली. ऊन फार होतं. आता घरी आलो आहे.

गाडी ठीक आहे. कॅनडाला जाताना तुम्ही दिली तेव्हा वर्षभर चालली तरी पुष्कळ, असं म्हणाला होतात. या महिन्याभरात मी वायपर बसवले, हॉर्नची वायर जोडली, मागचा दिवा लावला. एक काम संपलं की दुसरं शोधतो. बायकोविना घरात बसवत नाही. खुर्चीत टेकलो की काहीतरी राहिल्यासारखं वाटतं आणि उठून पुन्हा बॉनेट उघडतो. परवा चारिंग डबा घेऊन आली, तेव्हा मी नीट चालणारा कार्ब्युरेटर खोलून बसलो होतो. ती म्हणाली, आता चाकं तेवढी गोल करायची राहिलीत.

तुमचं पत्र मिळून दोन आठवडे झाले. तुम्ही एकच गोष्ट विचारली होती, आणि मी तिचं उत्तर सोडून बाकी सगळं लिहीत बसलो आहे.

नाही, कुया. दफनाच्या दिवशी मी वाटेत थांबलो नाही. सगळी मंडळी लोमीच्या दुकानापाशी नूडल्स खायला उतरली, मी एकटा गाडी घेऊन सरळ घरी आलो. मयतीहून थेट घरी यायचं नाही, नाहीतर गेलेलं माणूस मागोमाग येतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. चारिंगला सांगितलं की इंजिन तापलं होतं, बंद केलं असतं तर स्टार्टरने दगा दिला असता. ती म्हणाली, "मग ढकलली असती आम्ही. एवढी माणसं काय नुसती रडायला आली होती?"

तिला जे सांगितलं ते खरं नव्हतं. स्टार्टरचे कार्बन मी आदल्याच दिवशी बदलले होते. एकदा सेल मारला की चालू होत होती.

उजवीकडच्या दाराचं आतलं हँडल तुटलेलं होतं, आठवतं ना? तुम्ही जाताना नवीन घेऊन दिलं होतंत. ते इतकी वर्षं हत्यारांच्या पेटीत कागदात गुंडाळून पडलं होतं. ते दार फक्त बाहेरून उघडायचं. कुठेही पोचलो की मेडिंग आत बसून राहायची आणि अंगठीने काचेवर टकटक करायची. मी डावीकडून, स्टिअरिंगमागून उतरायचो, वळसा घालून जायचो आणि दार उघडायचो. लोमीवाली बाई ओरडायची, "अहो, राणीसाहेबांना उतरवा आधी, लोमी गार होतेय." मी दोनदा ते हँडल बसवायला काढलं. दोन्ही वेळा मेडिंगने अडवलं.

"बसव की," म्हणाली. "मग माझ्यासाठी गाडीला वळसा कोण घालणार?"

दफनाहून आलो त्या दिवशी मी गाडी अंगणात लावली, वळसा घातला आणि ते दार उघडलं. थोडा वेळ धरून उभा राहिलो. मग घराचं दार उघडलं. हे कोणाला सांगितलेलं नाही.

तेव्हापासून पुढच्या सीटवर कोणी बसलेलं नाही. चारिंगला वाटलं मी सुतकामुळे तिला मागे बसवतो. ती मला कुया म्हणते, थोरल्या भावासारखा मान देते, पण आज कबरीपाशी तिने माझा दंड धरला. "तिची आज जायची वेळ आहे, कुया. तुम्ही तिला घरात आणून बसवलंय. ती निघणार कशी?"

ती सोबत येते म्हणाली, तिला नको म्हटलं.

येताना लोमीच्या दुकानापाशी थांबलो. इंजिन बंद केलं. वळसा घालून उजवीकडचं दार उघडलं आणि म्हटलं, "उतर, मेडिंग."

दार तसंच उघडं ठेवून आत गेलो. बाईने लोमीचा एकच वाडगा आणला. मला खाववत नव्हतं, तरी सगळं संपवलं. दारातून गाडी दिसत होती. बाहेर आलो, दार लावलं. गाडी चालू होऊ नये असं क्षणभर वाटलं. पहिल्याच सेलला चालू झाली.

घरी आल्यावर पाय सवयीने उजवीकडे वळले. मध्येच थांबलो. मग पेटी आणली आणि कागदातलं हँडल काढलं. एक स्क्रू गंजला होता, तेल सोडून सैल होईपर्यंत थांबावं लागलं. बाकी अर्ध्या तासाचं काम होतं.

झाल्यावर मेडिंगच्या जागेवर बसलो आणि दार ओढून घेतलं. काचेवर तिच्या अंगठीचे बारीक ओरखडे आहेत, ते या बाजूने कधी पाहिले नव्हते. जरा वेळ बसलो. मग हँडल ओढलं, दार उघडलं आणि उतरलो.

तुमचा,
आन्सेल्मो