हिरव्या तारेत वीज आहे, हे मान्य होऊन मिळणेबाबत

प्रति,
मा. विद्युत निरीक्षक,
विद्युत सुरक्षा कार्यालय.

विषय : हिरवी तार उघड्या हाताने धरण्यास आपल्या कर्मचाऱ्यास तातडीने मनाई करणेबाबत.

संदर्भ : आपले उत्तर, "हिरवी तार अर्थिंगची असल्याने तीत वीज असू शकत नाही, सबब तक्रार निकाली."

महोदय,

अर्जदार तिसऱ्या मजल्यावर राहून शिवणकाम करते. आपल्या उत्तराचा तिला पूर्ण आदर आहे. लाल तार विजेची, काळी परतीची आणि हिरवी अर्थिंगची, हे तिलाही आता पाठ झाले आहे. परंतु या इमारतीचे वायरिंग केले ते तिच्या चुलतदिरांनी. तिसऱ्या मजल्यावर येईतो लाल तार संपली, म्हणून त्यांनी हिरवीच विजेसाठी ओढून काम उरकले. "आत तांबं तेच, वर प्लास्टिक तेच. वहिनी, वीज काय रंग बघून धावते?" असे म्हणून ते हसले होते. ते आता हयात नाहीत, त्यामुळे साक्षीला कोणी उरलेले नाही.

आज आपले दोन कर्मचारी जुने स्विचबोर्ड बदलण्यास आले. टेस्टर लावून बघा, असे अर्जदाराने हात जोडून सांगितले. पण हिरवी तार तपासण्याचा त्यांना आदेश नाही. मेन स्विच बंद करावा, तर आत सासरे ऑक्सिजनच्या यंत्रावर आहेत. वीज गेली की त्यांचा जीव कासावीस होतो.

त्यांतला धाकटा स्वभावाने फार चांगला आहे. अर्जदाराचे जोडलेले हात पाहून तो म्हणाला, "काकू, उगाच धसका घेतलाय तुम्ही. हिरवी तार हातात धरून दाखवतो, मग तर पटेल?" दोघे शिडी आणायला खाली उतरताच तिने आतून कडी लावली.

आता ते दार वाजवत आहेत. हा अर्ज दाराच्या फटीतून त्यांच्याच हाती देत आहे. आपला लेखी हुकूम येईपर्यंत दार उघडले जाणार नाही. सरकारी कामात अडथळा आणल्याबद्दल होईल ती शिक्षा मान्य आहे. अर्जदार फार घाबरली आहे.

आपली आज्ञाधारक, पण दार न उघडणारी,
(सही)
तिसरा मजला, जिन्यासमोरचे घर
दिनांक : आजचाच

सोबत : सासऱ्यांच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र.

ता. क. : जिन्यातही या मजल्याचा एक बोर्ड आहे व त्यातही हिरवीच तार आहे, हे लिहायचे राहिले. "काकू, इथूनच दाखवतो," असे तो बाहेरून म्हणत आहे. झाकणाचे स्क्रू काढल्याचा आवाज येतो आहे. अर्जदार कडी काढत आहे.