अंगठ्याएवढ्या माणसांचे रंग

२६ ऑक्टोबर, रविवार
मुक्ता दुपारच्या गाडीने पुण्याला गेली. घर एकदम मोठं झालं. तिच्या खेळाचा खोका इथेच राहिलाय, मुद्दामच ठेवला असणार. पटावर मांडायची प्लॅस्टिकची माणसं, अंगठ्याएवढी, सगळी राखाडी. "आई, तू रंगव की. शाळेत पोरांकडून नकाशे किती छान रंगवून घेतेस." नकाशा सपाट असतो, हे तिला सांगायचं राहिलं.

२८ ऑक्टो.
पहिला भालेवाला रंगवला. रंग सरळ बाटलीतून. चिलखताच्या कड्या, नाक, बोटं, सगळं बुजलं. आइस्क्रीममध्ये बुडवून काढल्यासारखा दिसतो. ह्यांना दाखवला. चहा पीत बराच वेळ बघितलं, मग म्हणाले, "सर्दी झालीय का ह्याला?" हसून हसून पुरेवाट.

२ नोव्हें.
मु. फोनवर: "पाणी घाल आई, दुधाइतका पातळ कर. एक जाड थर नको, दोन-तीन पातळ दे." औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर माणूस चिकटवला, म्हणजे धरायला बरं. दुसरा भालेवाला. ह्याच्या कड्या दिसतात! मोजता येतील अशा. त्या आधीपासूनच होत्या, मीच त्यांना गाडत होते.

५ नोव्हें.
आजचं लिहून ठेवायलाच हवं. म्हाताऱ्या चेटकिणीचा झगा. त्यावर मु.ने सांगितलेला अगदी पातळ तपकिरी रंग नुसता सोडला. वॉश म्हणतात त्याला. पुढं मी काहीच केलं नाही. तो आपला आपण घड्यांमध्ये उतरला, उंचवट्यांवरून ओघळला, खाचांत जाऊन बसला. वाळेपर्यंत बघत राहिले. झग्याला वजन आलं. आत गुडघा आहे हे कळायला लागलं. इतकी वर्षं नदीची खोरी शिकवते, पाणी कसं उतार शोधतं ते फळ्यावर काढते. प्रत्यक्ष आज पाहिलं असं वाटलं, एका बोटाच्या जागेत.
वांगी करपली.

१६ नोव्हें., रवि.
वळसंगहून दादा आला, शेवग्याच्या शेंगा घेऊन. जेवायच्या आधी टेबलाशी थांबला आणि दुसरा भालेवाला उचलला.
"ह्यो कोन गं? लई चिडलाय की कुनावर तरी!"
"चिडलाय? कशावरून?"
"व्हय की. भुवया बघ त्येच्या."
भुवया मी काढल्याच नव्हत्या. नंतर त्यालाही दिलेला वॉश कपाळाखाली साचला होता, तेवढंच. पण दादाने म्हटल्यावर मलाही दिसलं. अंगावर काटा आला. तो राग कुठून आला? मी तर दिला नाही.

२३ नोव्हें.
डोळे जमत नाहीत. बुबुळाचा ठिपका ठेवायला जाते आणि ब्रशला दोन टोकं दिसतात. ठिपका गालावर. पुसला, पुन्हा केला, ह्या वेळी कानाजवळ. ह्यांनी माझा हात धरून पाहिला, म्हणाले, थरथरत तर नाही. मग काय चुकतं? मु. म्हणते सगळ्यांचं सुरुवातीला असंच होतं. असेल.

३० नोव्हें., रवि.
फोटो पाठवले. लगेच मु.चा फोन.
"आई, धनुष्यवालीचा झगा सायीच्या रंगाचा का केलास? पांढरी बाटली दिली होती की."
"पांढराच आहे."
"आणि घोडा निळा?"
"काळा आहे तो."
"बाटलीवर काय लिहिलंय, वाच बरं."
खिडकीशी नेऊन वाचलं. निळा. ह्यांना विचारलं. ते घोड्याकडे न बघता माझ्याकडेच बघत म्हणाले, "निळाच आहे गं."
मु. अगदी हळू आवाजात: "डोळे शेवटचे कधी दाखवलेस?"

३ डिसें.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माझ्या शुगरमुळे लवकर आलेला. उजव्याचं ऑपरेशन लगेच करू म्हणाल्या. डाव्याच्या मागच्या पडद्याला सूज आहे, मधोमध. आधी इंजेक्शनं, मग पुढचं. डॉक्टरबाई वयाने मुक्तापेक्षा थोड्या मोठ्या असतील, पण स्पष्ट बोलतात. "उजवा छान होईल. डाव्याचं आत्ता नाही सांगता येणार."
घरी येऊन खोका कपाटात टाकला. मला वाटत होतं, हाताला शिकता येत नाही.
ह्यांनी न सांगता स्वयंपाक केला. खिचडी. मीठ विसरले. दोघांनी तशीच खाल्ली.

१८ डिसें.
उजव्याची पट्टी काढली. समोर सिस्टरचा कोट. पांढरा. मी "अगं बाई!" म्हणाले तर ती घाबरली, दुखतंय का विचारायला लागली. नाही गं, पांढरं असतं हेच विसरले होते.
रिक्षाने परत येताना आमच्या इथल्या भवानी पेठेत रंगवलेलं सूत वाळत टाकलेलं. निळं. असलं निळं!
"हे रोज असतं इथं?"
"रोजच," हे म्हणाले. आणि रिक्षावाल्याला जरा थांब म्हणाले. का थांबायचं ते त्याला कळलं नाही, पण थांबला बिचारा. मी एक डोळा मिटून, मग दुसरा मिटून बघत राहिले. डाव्यातून तेच सूत मळक्या पाण्यासारखं. म्हणजे इतके दिवस मी त्या पाण्यात राहत होते.

४ जाने., रवि.
बारीक काम करायला परवानगी मिळाली. मु. घरी आलीय. खोका काढला. सायीचा झगा, निळा घोडा, सगळे समोर. मु. म्हणाली, "खरवडून नव्याने करू." मन होईना. घोडा निळा तर निळा, पुराणात असतात की. झग्यावर मात्र पांढरा दिला, पातळ, फक्त घड्यांच्या वरच्या कडांना. खाचांत साय तशीच राहिली. आणि ती सावली झाली! बाई उन्हात उभी आहे असं वाटायला लागलं. मु. खुर्चीवरून उठून आली. "हे तुला कुणी सांगितलं?" कुणीच नाही. झालं.

१८ जाने., रवि.
जमले. डोळे जमले! चेटकीण. आधी पांढरा ठिपका, त्यात काळा, श्वास सोडून झाल्यावर. ब्रशला एकच टोक. दोन्ही बसले आणि ती बघायला लागली. मी खुर्ची मागे सरकवली तरी माझ्याकडेच. इतका वेळ हातात प्लॅस्टिक होतं, आणि दोन ठिपक्यांनंतर कुणीतरी आहे. खरंच सांगते, हातातून नीट जपून खाली ठेवलं तिला, लेकराला ठेवतात तसं. ह्यांना हाक मारली. वाकून वाकून पाहिलं.
"आता हिला विचारल्याशिवाय टीव्ही लावायचा नाही," म्हणाले.

२९ जाने.
इंजेक्शनं झाली. सूज थोडी उतरलीय, पूर्ण नाही. डाव्याचं ऑपरेशन ९ ला. "मोतीबिंदू जाईल. मधला भाग धूसर राहिला तर राहील, ती तयारी ठेवा." तयारी कशी ठेवतात, ते विचारलं नाही.
शाळेत आठवीला वाळवंट शिकवलं. पुस्तकातल्या वाळूत गुलाबी छटा आहे. कधी पाहिलीच नव्हती.

८ फेब्रु., रवि.
उद्या सकाळीच जायचंय. मु. रजा टाकून आली. दुपारी दोघी टेबलाशी. तिने स्वतःहून ब्रश घेतला आणि म्हणाली, "तू कसा धरतेस ते दाखव ना." करंगळी टेकवायला शिकवली. तिची बोटं गार होती.
"भीती वाटते का, आई?"
"हो."
"मलाही."
खोक्यातला सर्वांत मोठा राक्षस उरलाय. त्याच्या कातडीचा रंग तिने विचारला. ज्वारीच्या कोवळ्या पानासारखा, म्हटलं. तिने मिसळला. "असा?" उजव्याने बघितला. अजून थोडा पिवळा घाल. घातला. बरोब्बर तोच.
मग उजवा मिटून डाव्याने. मधोमध नुसतं करडं. मिटून टाकणार होते. पण तसाच उघडा ठेवून बसले, घाई न करता. मु. ब्रश हातात धरून थांबलेली. आणि कडेला, अगदी कडेला, होतं. हिरवं होतं.