अंबुबाईला द्यायचा नकार

४ एप्रिल १९३८, शहापूर
समोरच्या अंबुबाईकडे चैत्रगौर बसली. हळदीकुंकवाचं बोलावणं साऱ्या गल्लीला, माझं दार तेवढं सोडून. नळावर शेजारच्या राजाबाईला म्हणाली, "नर्सबाईच्या हातास्नी औषधाचा लई वास येतोय गं. डाळ नासंल आमची." मी मागेच घागर घेऊन उभी होते.
सुईणपणाची परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेल्या बाईने असलं मनावर घेऊ नये. घेतलं नाही. फक्त सूड घ्यायचं ठरवलं.
प्लॅन असा : इतकं चांगलं वागायचं की ती शरमून स्वतः बोलवायला येईल. मग उंबऱ्यात उभं राहून थंडपणे म्हणायचं, "जमणार नाही."

५ एप्रिल
आरशापुढे नकाराची तालीम. भुवया फार वर जातात. सुधारणा हवी.

७ एप्रिल
पहिलं सत्कृत्य. तिच्या पोरांना गुळाचा खडा दाखवून एरंडेल पाजलं. पोरं दिवसभर परसातच होती. अंबुबाई ओरडली, "ह्या बाईला कुणी सांगिटलंतं गं?"
काही लोकांना कृतज्ञता उशिरा सुचते.

८ एप्रिल
त्यांच्या गटारात फिनाइल ओतलं. अंबुबाईचा नवरा मल्लाप्पा माग सोडून, नाक धरून बाहेर आला. म्हणाला, "आक्का, काय मेलंय काय कुठं?" मी स्नेहाने हसले. राजाबाईने विचारलं, दाढ दुखते का.

१० एप्रिल
खडेबाजारातून जांभळं पातळ आणलं. नकार देताना अंगावर बरं काही हवं. राजाबाईने पदर चिमटीत धरून विचारलं, "गिरणीचं व्हय?" विणकरांच्या गल्लीत! बोचलं असणार. बोचू दे.

१२ एप्रिल, दुपार
अजून बोलावणं नाही. आता मोठं सत्कृत्य करणं भाग होतं. तिच्या ओसरीवर हंडाभर पेज आंबून फसफसत होती. अशानेच घरात कॉलरा शिरतो. ती फुलं आणायला गेली होती. हंडा मोरीत पालथा केला, सोड्याने घासला, उकळत्या पाण्याने धुतला. तोंड दिसेल असा लखलखीत.
आता बघते कशी बोलवत नाही.

१२ एप्रिल, सायंकाळ
ती पेज नव्हती. खळ होती. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला चोपडायची, मुद्दाम आंबवलेली, चार घरांची मिळून. उद्या गल्लीत ताणा पसरायचा होता. आता चारी माग बंद.
मल्लाप्पा डोक्याला हात लावून बसला आहे. अंबुबाई माझ्या दारात येऊन एवढंच म्हणाली, "बघा आता, नर्सबाई."
म्हणजे आता ती सूड घेणार. हे बरोबर नाही. सुरुवात मी केली होती.

१६ एप्रिल
पहाटे दार वाजलं. अंबुबाईचा आवाज. जांभळं पातळ नेसले, भुवया आवरल्या, दार उघडलं. म्हणाली, "चला. नवी खळ आंबली. तुमीच सांडलीसा, तुमीच ताणा धरायचा."
हे हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हे. म्हणून नकार लागू होत नव्हता. गेले.
गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत. शेवटची काठी माझ्या दोन्ही हातांत. "आक्का, सोडू नगा, सगळं गुतंल," मल्लाप्पा सारखा ओरडत होता. कोपरापर्यंत खळ. राजाबाई माझा हात हुंगून म्हणाली, "गेला गं अंबू औषधाचा वास. आता आमच्यावाणी घाण येतीया." सगळ्या हसल्या. मी हसले नाही. थोडी हसले.
तेवढ्यात अंबुबाई कुंकवाचा करंडा आणि पातेलं घेऊन आली. "सगळ्या हितंच हाईत, हितंच उरकू हळदीकुंकू." सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "घ्या, नर्सबाई."
हाच तो क्षण. भुवया जागेवर होत्या. "जम..." एवढं म्हटलं, आणि तिने आंब्याच्या डाळीचा घास माझ्या तोंडात कोंबला. हात काठीला, तोंड भरलेलं. कपाळाला कुंकू लागलंसुद्धा.
डाळ उत्तम होती. हे निःपक्षपाती मत आहे.

१६ एप्रिल, सायंकाळ
पातळावर खळ वाळली. आता ते माझ्याशिवायही उभं राहतं.
परवा राजाबाईचा ताणा आहे. काठी धरायला मलाच बोलावलंय. डाळही राजाबाईच करणार आहे.
नकार तिथे देईन. आधी डाळ खाईन.