कयाक उलटल्यावर

६ जानेवारी, सोमवार
करावे जेट्टीवर कयाकचा, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीचा, क्लास लावला. मी आणि क्रांती. पोरगी अकरावीत, तिला खाडीत एकटी सोडणार नाही, असं तिच्या आईला, राजश्रीला, ठणकावून सांगितलं. १९ तारखेला ट्रिप. प्रीतम सरांची एकच अट: कयाक उलटली तर कुणाच्याही मदतीशिवाय परत आत चढता आलं पाहिजे. मी कंपनीत सेफ्टी ऑफिसर. अडीचशे माणसं सांभाळतो. इथे तर फक्त स्वतःलाच वाचवायचंय.

७ जानेवारी
घरीच सराव. दिवाण म्हणजे कयाक, फरशी म्हणजे पाणी. पोटावर सरकायचं, पाय आत, मग वळून बसायचं. तिसऱ्या वेळी कंबर धरली. राजश्रीने बाम चोळला. जरा जास्तच जोरात चोळला.

११ जानेवारी, शनिवार, सकाळी ९
सर म्हणाले, तयार झालात की मुद्दाम उलटा. त्याआधीच उलटलो. वेळ वाचला. चढायला गेलो की कयाक अंगावर. सहा वेळा. क्रांती पहिल्या फटक्यात चढली. तिचं वजन कमी. टेक्निक माझंच जास्त शास्त्रशुद्ध.

१२ जानेवारी
विश्रांती. हाही ट्रेनिंगचाच भाग.

१५ जानेवारी
वल्ह्याच्या टोकाला बांधायची हवेची पिशवी मिळाली. वल्हं आडवं टाकून त्याच्या आधाराने चढायचं. पिशवी फुगवतानाच चक्कर. बाकी सगळं समजलं.

१८ जानेवारी, शनिवार
शेवटची टेस्ट. सरांना म्हटलं, लांब थांबा, मी करतो. उलटलो, वीस मिनिटं धडपडलो. हात गेले. पिशवी सुटून वाहत गेली. काही झालं तरी ओरडायचं नाही, असं ठरवलं होतं. ओरडलो.

करावे गावातल्या बाळाबाई चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, घेऊन होडीतून येत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "उबा ऱ्हा. ओहोटी लागलीय. पानी कमरेएवराच हाय."

उभा राहिलो. खरंच तेवढंच होतं. खाली मात्र गुडघाभर चिखल. पाय निघेनात. त्यांनी लाइफ जॅकेटला धरून मला होडीत ओढलं, चिंबोऱ्यांच्या पाटीशेजारी ठेवलं.

"घाबरतंस तं सांगाचा. त्यान लाज कसली?"

घाबरत नाही, असं म्हणणार होतो. दात वाजत होते.

१९ जानेवारी, रविवार
सरांनी आम्हा दोघांना मिळून एकच, दोन सीटची कयाक दिली. पुढे मी, मागे क्रांती. जेट्टी सुटल्यावर मी वल्हं उचललं.

"पप्पा, ते खाली ठेवा," ती हळूच म्हणाली. "तुम्ही फक्त बसा."

बसलो.